३३ नंबरची तार

पुण्यातून निघताना गिटार घेतली, नवा पिकअप घेतला, लॅपटॉप, चार्जर, आईसाठी बाकरवडी, सगळं आठवणीनं घेतलं. नव्या तारांचं पाकीट तेवढं टेबलावर राहिलं. मिरज स्टेशनाबाहेर रिक्षात बसल्यावर हे लक्षात आलं आणि मनात म्हटलं, आता जुन्याच तारा परत लावाव्या लागणार.

ज्यांनी कधी इलेक्ट्रिक गिटार उघडलेली नाही त्यांना वाटेल, यात काय एवढं? तार काढायची, काम करायचं, परत लावायची. पण गिटार वाजवणाऱ्यांत हा विषय निघाला की लगेच दोन तट पडतात. एक तट म्हणतो, एकदा उतरवलेली तार कचऱ्यात. दुसरा म्हणतो, साडेसहाशे रुपयांचा सेट तुझा काका आणून देणार का? मी पहिल्या तटातला. म्हणजे नोकरी लागल्यापासून पहिल्या तटातला. कॉलेजात असताना एकच सेट दीड वर्ष वाजवला होता. तारांचा रंग बघून रूममेट विचारायचा, चहात बुडवून ठेवतोस का रे.

माझी गिटार स्ट्रॅटोकास्टरच्या आकाराची आहे, डोक्यावर नाव मात्र भलतंच. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला सेकंडहँड घेतलेली. चार महिन्यांपूर्वी तिचा ब्रिजकडचा पिकअप गप्प झाला. या गिटारीत तिन्ही पिकअप एका प्लास्टिकच्या पट्टीला, म्हणजे पिकगार्डला, खालून लटकलेले असतात. पिकगार्ड अकरा स्क्रूंनी बसवलेलं आणि त्याच्यावरून सहा तारा ताणलेल्या. पिकअप बदलायचा तर पिकगार्ड उचलायला हवं, पिकगार्ड उचलायचं तर तारा वाटेतून जायला हव्यात. बिघाड पिकअपमध्ये, तारांचा काही गुन्हा नाही, तरी पहिला बळी त्यांचाच.

तारेचं आयुष्य तसं खडतरच असतं. माझी पहिली, सगळ्यात बारीक तार 'दहाची' आहे. इंचाचे हजार भाग केले तर त्यातले दहा, म्हणजे साधारण पाव मिलिमीटर. सुरात असताना ती सात किलोंच्या आसपास ताण सोसत असते. सहाही तारा मिळून तो आकडा ४५ किलोंच्या घरात जातो. नवी तार पहिले एकदोन दिवस ताणत राहते, सूर सोडत राहते, मग बसते. बसलेली तार गिटारवाल्यांना आवडते. पण तीच तार खुंटीशी काटकोनात वाकलेली असते, दोनतीन वेढे घेऊन तिथं स्प्रिंगसारखी झालेली असते. पोलादाची तार एकदा वाकवली, सरळ केली आणि परत तिथंच वाकवली, की ती जागा कडक होते आणि ठिसूळही. लहानपणी तार हातानं तोडायची असली की आपण तेच करायचो: वाकव, सरळ कर, वाकव, सरळ कर, तुटली.

घामाचा परिणाम वेगळाच. वेटोळं असलेल्या जाड तारांच्या खाचांत मळ बसतो. फ्रेटवर दाबून दाबून तारेच्या खालच्या अंगाला चपटे व्रण पडतात. तीच तार काढून परत लावली, की हे व्रण आधीच्या जागी येतीलच असं नाही, आणि मग वरच्या फ्रेटवर सूर किंचित खोटा लागतो. तरी जुन्या तारांवर प्रेम करणारे थोरही आहेतच. मोटाउनचा बेसवादक जेम्स जेमर्सन तार तुटल्याशिवाय बदलत नसे म्हणतात, आणि त्याचा तो दबका, गोल आवाज १९६० च्या दशकातल्या कितीतरी गाण्यांच्या तळाशी आहे. उलट एडी व्हॅन हेलन तारा उकळून घ्यायचा. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, त्यामुळे माझ्यासारख्याला त्यांचा काही उपयोग नाही.

गिटार घरी न्यायचं कारण साधं होतं. पुण्याच्या फ्लॅटवर माझ्याकडे सोल्डरिंग आयर्नसुद्धा नाही. मिरजेत पप्पांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे.

दुकान म्हणजे दहा बाय पंधराचा गाळा. आसपासच्या गावांतून शेतकरी पाण्याच्या मोटारी घेऊन येतात. व्होल्टेज पडतं, एखादा फेज जातो, मोटार जळते. पप्पा ती उघडतात, जळकं वाइंडिंग कापून बाहेर काढतात, खाचांत नवा कागद घालतात, नवी तांब्याची तार मशीनवर गुंडाळून कॉइल बसवतात, वार्निश देतात. काय परत वापरायचं आणि काय नाही, याचा त्यांचा हिशेब मी लहानपणापासून ऐकत आलोय. बॉडी परत, शाफ्ट परत, नटबोल्ट रॉकेलमध्ये धुऊन परत. बेअरिंग हातानं फिरवून, कानाशी धरून ठरवायचं. जळलेली तार मात्र कधीच नाही. तांबं चांगलं दिसत असलं तरी वरचा मुलामा गेलेला असतो, ती भंगारात. "जे तापलंय ते परत नाही," असं ते म्हणतात. "नुसतं वजन उचललंय ते चालतंय."

शनिवारी सकाळी मी गिटार घेऊन दुकानात गेलो. दोन मोटारी कोपऱ्यात होत्या, बाकी गाळा रिकामा. पावसाळा संपलेला, रब्बीची पाणी द्यायची वेळ, एरवी या दिवसांत आत पाय ठेवायला जागा नसते. मी विचारलं तर म्हणाले, "धंदा जरा मंद आहे." मी काही बोललो नाही. आमच्या कंपनीतही सहा महिने हेच वाक्य ऐकतोय.

मी तारा ढिल्या केल्या, खुंट्यांवरून सोडवल्या, मागच्या बाजूनं ओढून काढल्या आणि वर्तमानपत्रावर ओळीनं ठेवल्या, कुठली कुठली ते कळावं म्हणून. अकरा स्क्रू काढले. पिकगार्ड उलटं केलं तसे पप्पा स्टूल ओढून जवळ आले. दहा वर्षांत त्यांनी या गिटारीकडे कधी असं वाकून बघितलं नव्हतं. ती घेतली तेव्हा सेमिस्टरला एक विषय राहिला होता आणि तो गिटारीमुळेच राहिला यावर घरात एकमत होतं.

"ही कॉइल आहे होय?"

"हो. आत चुंबक आहे. वरून तार हलली की कॉइलमध्ये करंट येतो."

"म्हणजे जनरेटरच की."

मल्टिमीटरची टोकं त्यांनी माझ्या हातात दिली. बिघडलेल्या पिकअपवर काटा म्हणावा असं काही हललंच नाही, पडद्यावर डाव्या कडेला नुसता १. ओपन. नव्या पिकअपवर ६.१ किलोओहम आले. पप्पांचा विश्वास बसेना. त्यांच्या मोटारीचं वाइंडिंग मोजलं तर काही ओहम येतात. मग मी सांगितलं की यात साधारण आठ हजार वेढे असतात, आणि तार केसापेक्षा बारीक. त्यांनी चष्मा कपाळावर सारून पिकअप डोळ्यांशी नेला.

"४६ नंबरच्या आसपास असंल," ते म्हणाले. मग पाठीमागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर मला आकडे लिहायला लावून हिशेब सांगितला. "लेका, एवढ्याशा डबीत किलोमीटरभर तार आहे." मी मोबाइलवर ताडून बघितलं. अकराशे मीटरच्या वर आलं.

"सोल्डर तुम्ही मारा," मी म्हणालो. लहानपणी मी त्यांचं सोल्डर बघत बसायचो. एक थेंब, चकचकीत, धूर वर जाईपर्यंत काम संपलेलं.

"तू मार. मला बारीक दिसत नाही आता."

मी मारलं. माझा सांधा राखाडी आणि खडबडीत झाला, पण टिकला. जुना पिकअप त्यांनी कागदात गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवला. "राहू दे इथं. तुटलीय कुठंतरी. बहुतेक टोकाला."

आता तारा. मी पहिल्या तारेपासून सुरुवात केली, कारण तीच सगळ्यात त्रासाची. टोक डुकराच्या शेपटासारखं वळलेलं, खुंटीच्या भोकात जाईना. मी दुकानातली पकड घेतली, वळण दाबून दाबून सरळ केलं, तार ओवली आणि ताणत गेलो. सुरात यायला अर्धा स्वर राहिला असताना टिंग असा आवाज झाला आणि माझ्या मनगटावर लाल रेघ उमटली.

पप्पांनी खाली पडलेला तुकडा उचलायला लावला आणि उजेडाकडे धरायला सांगितला.

"पकडीनं सरळ केलीस ना? बघ, दात लागलेत. तुटली ती वाकल्यामुळं नव्हं, तुझ्या पकडीमुळं तुटली."

खरंच होतं. तुटल्या जागेच्या शेजारी पकडीच्या दातांचे दोन नाजूक व्रण रांगेत दिसत होते. दुसऱ्या आणि तिसऱ्या तारेला, ज्या साध्या पोलादाच्याच असतात, त्यांनी सांगितलेली रीत वापरली. पकड बाजूला. स्क्रूड्रायव्हरच्या गुळगुळीत दांड्यावर फडकं ठेवून तार त्याच्यावरून हलक्या हातानं ओढायची, दोनतीनदा. सगळं वळण जात नाही, जायची गरजही नाही. मग जुनी वाक होती तिच्यापुढं थोडं जाऊन, म्हणजे तारेच्या चांगल्या भागात, खुंटीपाशी नवी वाक घ्यायची. आधी तीन वेढे होते, आता दीड होतील. जुनी वाक शेपटीत गेली की तिच्यावर ताणच येत नाही, उरलेलं टोक कापून टाकायचं.

"जुनी वस्तू परत लावताना तिची कमजोर जागा आधी शोधायची. आणि तिच्यावर भार टाकायचा नाही. एवढंच असतंय," ते म्हणाले. मी सात वर्षं दुसऱ्यांचा जुना कोड चालवतोय, हे मला कुणी इतकं थोडक्यात सांगितलं नव्हतं.

जाड तारांनी काही त्रास दिला नाही. पाच तारा लागल्या. पहिलीची खुंटी मोकळी. दिवाळीच्या तोंडावर गावातल्या वाद्यांच्या दुकानात फोन केला तर अकूस्टिकचे सेट होते, तेही मालक गावाला गेल्यामुळे सोमवारनंतर. सोमवारी माझी परतीची गाडी.

"चल," पप्पा म्हणाले आणि पायात चपला सरकवल्या.

मिरजेचा असून मला ते सुचलं नव्हतं याची अजून लाज वाटते. सतारमेकर गल्ली आमच्या दुकानापासून चालत पंधरा मिनिटांवर आहे. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मी ती बातमी ऑफिसच्या ग्रुपवर अभिमानानं टाकली होती, आणि गिटारीच्या तारा मात्र कुरियरनं मागवत होतो. पप्पांनी तिथल्या एका कारागिराची घासायच्या मशीनची मोटार बऱ्याच वर्षांपूर्वी भरून दिली होती. तेवढी ओळख.

ते भोपळ्याला पॉलिश करत बसले होते. गिटारीला तार हवी म्हटल्यावर हसले नाहीत. तुटलेला तुकडा बोटांत फिरवून बघितला आणि म्हणाले, "चिकारीची बसेल." सतारीच्या कडेला ज्या उंच सुराच्या तारा असतात त्या पोलादाच्याच, बारीक. भिंतीवरच्या खिळ्यावर तारेची रिळं टांगलेली होती. त्यांनी एक खाली काढलं.

"मोजून बघतो," पप्पा म्हणाले आणि शर्टाच्या खिशातून मायक्रोमीटर काढला. तो त्यांच्या खिशात कायम असतो, इतरांच्या खिशात पेन असतं तसा. त्यांनी डाव्या हातात तो धरला आणि उजव्या हातानं तारेचं टोक त्याच्या फटीत न्यायला लागले.

टोक फटीत जाईना. फटीच्या कडेला लागत होतं, पोलादावर पोलाद, टिक टिक टिक टिक, अगदी बारीक आणि एका लयीत. पप्पांनी श्वास रोखला, परत नेलं. टिक टिक टिक. गल्लीत कुणीतरी तंबोरा जुळवत होतं आणि तरी मला तेवढाच आवाज ऐकू येत होता.

सतारमेकरांनी काही न बोलता तारेचं टोक आपल्या हातात घेतलं आणि फटीत धरलं. पप्पांनी स्क्रू फिरवला. मग मायक्रोमीटर माझ्याकडे दिला. "वाच. मला दिसत नाही."

"पॉइंट पंचवीस."

"म्हणजे ३३ नंबर," पप्पा म्हणाले. ज्या नंबरांनी ते आयुष्यभर तांब्याची तार विकत घेत आले, त्यातलाच हा एक. माझी 'दहाची' म्हणजे त्यांची ३३ नंबर. इतकी वर्षं आम्ही एकाच मापाबद्दल दोन भाषांत बोलत होतो.

गिटारीच्या तारेच्या एका टोकाला पितळेचा छोटा मणी असतो, तो ब्रिजच्या आत अडकतो. तुटलेल्या तारेचा मणी शाबूत होता. सतारमेकरांनी तो सोडवला, नव्या तारेचा फास त्याच्याभोवती घातला आणि हातानंच इतका एकसारखा पीळ भरला की कारखान्यातला वाटावा. वर आणखी हातभर तार जास्तीची दिली. पैसे घेतले नाहीत. म्हणाले, सणाच्या दिवशी एवढ्याचे काय घ्यायचे.

परतताना आम्ही दोघंही मार्केटापर्यंत गप्प होतो. आकाशकंदील टांगलेल्या एका दुकानापाशी मी विचारलं, "कधीपासून?"

"काय?"

"पप्पा."

"गणपतीच्या आधीपासून," ते म्हणाले. मेंदूच्या डॉक्टरांना दाखवलंय. पार्किन्सन्सची सुरुवात आहे म्हणालेत. गोळ्या चालू आहेत. आईला माहिती आहे. धंदा मंद नव्हता, त्यांनीच कामं घेणं कमी केलं होतं. जाड तार अजून जमते, खाचेत कॉइल बसवायला मात्र वेळ लागतो आणि मुलामा खरचटतो. खरचटलेल्या मुलाम्याची मोटार सहा महिन्यांत परत येते, हे त्यांना पक्कं ठाऊक. "शेतकऱ्याचं पाणी तुटतंय मग," ते म्हणाले.

"मला का नाही सांगितलं?"

"तू तिकडं. सांगून काय झालं असतं?"

याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं आणि मी ते दिलं, जरा मोठ्या आवाजात. मी दर रविवारी फोन करतो. इन्शुरन्स आहे. पुण्यात डॉक्टर आहेत. माणसं वळून बघायला लागली. पप्पांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आवाज कमी कर. अजून तार लावायचीय." त्यांचा उजवा हात त्यांनी पँटच्या खिशात घातलेला होता. मला आठवलं, मी आल्यापासून तो जास्त वेळ तिथंच होता, आणि मी ते बघूनही बघितलं नव्हतं.

दुकानात येऊन तार ओवली. मी खुंटी फिरवत होतो, ते स्टुलावर बसून वेढे मोजत होते. एक. दोन. "बास, आता ताण." मी ट्यूनर लावला. तार वर चढत गेली. जिथं आधीची तुटली होती तो अर्धा स्वर आला तेव्हा आम्ही दोघांनीही मान मागं घेतली. ती तिथून पुढं गेली आणि सुरात थांबली. अँप नव्हता. हेडफोनचं छोटं यंत्र होतं, ते मी पप्पांच्या कानाला लावलं आणि बदललेल्या पिकअपवर एक साधी सुरावट वाजवली. पाच तारा जुन्या, थोड्या बोथट. सहावी एकदम टणक, जरा जास्तच चमकणारी. बारकाईनं ऐकलं तर फरक कळतो.

"पहिली वेगळी बोलतीय," पप्पा म्हणाले. त्यांनाही कळला होता.

मी पुण्याला परतलो, सोमवारच्याच गाडीनं. पुढच्या महिन्यात त्यांना इथं आणून दाखवलं. गोळ्यांचं प्रमाण थोडं बदललं, कंप काही वेळा कमी असतो, काही वेळा नाही. दुकान चालू आहे. बारीक काम दुकानातला मुलगा करतो, पप्पा शेजारी बसून मोजतात आणि त्याच्या हातातून पकड काढून घेतात.

नव्या तारांचं पाकीट टेबलावरच आहे, न फोडलेलं. तत्त्व वगैरे काही नाही. त्या तारा गंजतील, वरच्या फ्रेटवर खोट्या लागतील तेव्हा बदलीन, बदलाव्याच लागतात. अजून तरी तीन महिन्यांत एकही तुटलेली नाही, सतारीचीसुद्धा.

गेल्या आठवड्यात पप्पांनी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला. माझा जुना पिकअप मशीनच्या रिळाला लावलेला, त्या मुलाच्या बोटांत केसापेक्षा बारीक तारेचं टोक, आणि मागं मल्टिमीटरच्या पडद्यावर डाव्या कडेला तोच एकटा १. खाली लिहिलं होतं: "४०० वेढे सोडवून झाले. अजून ओपनच. शोधतोय."